पहिली प्रत

आमच्या घरात छापलेला कुठलाही कागद आला की आधी त्याच्या तळाला बघतात. मजकूर नंतर. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, पत्ता कुठला. तळाला नाव नसलं तर पप्पा तो कागद आईकडे सरकवत आणि आई त्यावर मेथी निवडायला बसे. "ज्याला स्वतःचं नाव घालायची लाज वाटते त्याचं आपण कशाला वाचायचं," असं पप्पांचं म्हणणं.

पप्पा अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं वाटायचं काम त्यांच्याकडे होतं. ती उल्हासनगरात एका सिंधी काकांच्या प्रेसमध्ये छापली जायची आणि सुतळीनं बांधलेला गठ्ठा आमच्या पलंगाखाली येऊन पडायचा. मी अक्षरं शिकले ती या गठ्ठ्यांवर. शाळेत बाईंनी 'क'वरून शब्द विचारला तेव्हा मी 'कंत्राटी' म्हणाले होते. आई हे अजून पाहुण्यांना सांगते.

वाटपाचा त्यांचा एक नियम होता. पहिली प्रत साहेबाला. ज्याच्याविरुद्ध लिहिलंय त्याच्या टेबलावर आधी एक प्रत जायची, मग गेटवर वाटप. पाठीमागून लिहिलं असं कोणी म्हणायला नको. साहेब लोक प्रत घेत, पण पोच देत नसत. मिळाली एवढं लिहून सही करायला त्यांचा हात धजत नसे. "एकच साहेब होता," पप्पा सांगतात. "प्रत घ्यायचा, दुसऱ्या प्रतीवर नावानिशी सही करून द्यायचा, आणि मग आमच्याशी दिवसभर भांडायचा. त्याच्याशी भांडायला बरं वाटायचं."

समाजकार्यात एमएसडब्ल्यू करताना मला क्षेत्रकार्यासाठी जी वस्ती मिळाली ती अंबरनाथ आणि उल्हासनगर यांच्या मधल्या नाल्याला लागून आहे. नाला पूर्वी नदी होती असं म्हातारे सांगतात. संध्याकाळनंतर तिथे असा वास सुटतो की लोक भाताच्या पातेल्यावर झाकणावर झाकण ठेवतात. तिथे एक मावशी आहे. उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांकडून गठ्ठे आणते आणि दारात बसून पॅन्टींचे सुटे धागे कापते. तिची बोटं कायम निळी असतात. पहिल्या दिवशी मी वही काढून बसले तेव्हा ती म्हणाली, "लिव्हायला खूप जणी येतात गं. लिहून झालं की येत नाहीत. तू कधी थांबणार ते सांग, म्हणजे तेवढाच जीव लावते."

मी जायचं थांबवलं नाही. वर्षभरानं तिच्यासाठी आणि वस्तीतल्या बायांसाठी एक पत्रक लिहिलं: 'आमच्या नाकाला विचारलं का?' तळाला माझं नाव, मावशीचं नाव, प्रेसचा पत्ता. पप्पांच्या नियमाप्रमाणे नाल्यावरच्या प्रत्येक कारखान्याच्या गेटवर जाऊन पहिली प्रत दिली. एका वॉचमननं तिच्यावर भजी ठेवून खाल्ली, माझ्यासमोर. बाकीच्यांनी घेतली. मग वस्तीत आणि स्टेशनबाहेर वाटली. काही झालं नाही. वास तसाच राहिला, पण मावशी मला 'पोरी' म्हणायला लागली.

डिग्री हातात आली आणि काही महिन्यांत दोन नोकऱ्या समोर उभ्या राहिल्या. एक पालिकेची, समुदाय संघटक म्हणून. इथल्या शहरांपैकी कुठली पालिका ते लिहीत नाही. दुसरी एका रंग-रसायनांच्या कारखान्यानं काढलेल्या समाजकार्याच्या संस्थेची. कारखाना नाल्यावरचाच. आणि दोन्हीकडे काम करायचं होतं ते त्याच वस्तीत.

इथेच मला पहिल्यांदा खुपलं. माझ्या वर्गात माझ्यापेक्षा हुशार मुली होत्या. त्या अजून अर्ज पाठवत होत्या आणि मला दोघे बोलावत होते, तेही एकाच वस्तीसाठी. म्हणजे त्यांना मी नको होते. त्यांना मावशीचं दार हवं होतं, आणि ते माझ्या हाताला उघडतं हे त्यांना कळलं होतं. मला नोकरी हवी होती, यात खोटं काही नाही. पण ती धरल्यावर ते दार मला उघडेल का, आणि मला आत घेणारी बाई मला काय म्हणून घेईल, हा माझा प्रश्न होता.

घरात हा प्रश्नच नव्हता. आमच्या वस्त्यांमध्ये सरकारी नोकरी म्हणजे फक्त नोकरी नसते. आजोबा रस्त्यावर खडी टाकत होते, पप्पा कारखान्याच्या हजेरीपटावर आले, आणि त्या एका पायरीवर आमचं सगळं घर उभं आहे. "सरकारी ते सरकारी," पप्पा म्हणाले. "खाजगीवाले आपल्याला आपण होऊन कधी बोलवत नाहीत. बोलावलं तर विचार, का."

"तेच विचारतेय ना मी."

"मग उत्तर मिळेपर्यंत हो म्हणू नको."

संस्थेतून फोन आला. एका बाईंचा आवाज होता, स्वच्छ मराठी, घाई नाही. म्हणाल्या, आमच्याकडे मुलाखत ऑफिसात होत नाही, आम्ही घरी येतो.

मी फोन ठेवला आणि हसू आलं, मग राग आला. गृहभेट. दोन वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन हेच केलं होतं. भांडी किती, खिडकी कुठे, घरात कोणाचा शब्द चालतो, हे न विचारता बघायचं आम्हाला शिकवलेलं. आता ते माझं घर बघणार होते. पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "चौकशी आहे. कोणाकोणाकडे उठबस आहे ते बघायला येतायत." आईला सांगितलं तर तिनं पडदे धुवायला काढले.

रविवारी सकाळी ते आले. साठीकडे झुकलेल्या बाई, पांढरे केस रंगवलेले नाहीत, सुती साडी. बरोबर मनुष्यबळ खात्यातले एक गृहस्थ. त्यांनी बूट काढले आणि नंतर पूर्णवेळ स्वतःच्या मोज्यांकडे बघत बसले. आमच्या गल्लीत चारचाकी थांबली की बातमी होते. शेजारच्या काकू दोन मिनिटांत कपांचा ट्रे घेऊन हजर. आईला स्वयंपाकघरात म्हणाल्या, पण त्यांचा हळू आवाज सगळ्यांना ऐकू येतो.

"मुलगा कुठाय?"

"मुलगा नाही हो. नोकरीचं आहे."

"नोकरीला घरी येतात होय? माझ्या भाचीला पण असंच सांगितलं होतं. मागनं पत्रिका मागितली. पोहे केलेस ना? लिंबू जास्त पिळ, माणसं शिकलेली दिसतात."

बाहेर बाई हसू दाबत होत्या. मी दाबलं नाही, मला हसायला आलंच नव्हतं. पोहे आले. आई मला डोळ्यांनी खुणावत होती की तूच दे. मी दिले. काकू दारात उभ्या राहून त्या गृहस्थांकडे अशा बघत होत्या की ते बिचारे घास गिळेनात.

बाईंची नजर भिंतीवर फिरली. बाबासाहेब, बुद्ध, पप्पांचा निवृत्तीच्या दिवसाचा फोटो. मग पलंगाखाली. गठ्ठा दिसत होता. मीच तो आत ढकलला नव्हता. लपवायचं नाही असं ठरवलं होतं.

"तुमचं ते नाकाचं पत्रक," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आहे."

मी हातातला ट्रे खाली ठेवला.

"तुम्ही आमच्या गेटवर दिलं होतं. वॉचमननं वर पाठवलं. आमच्याकडे पत्रकं येतात, पण बहुतेक गेटबाहेर वाटून झाल्यावर चिकटून येतात कुणाच्या तरी चपलेला. हे आधी आलं. तळाला नाव होतं. म्हणूनच शोधत आले."

झालं, मी मनात म्हटलं. तोंड विकत घ्यायला आल्यात. मी तसं विचारलंही, इतक्याच शब्दांत. आईनं आत कप आपटला.

बाईंना राग आला नाही, किंवा आलेला दाखवला नाही. मला त्या दुसऱ्या शक्यतेचीच जास्त भीती वाटली. त्या म्हणाल्या, "वस्तीत आमची अभ्यासिका आहे, डोळ्यांची तपासणी होते. लोक येतात, चष्मा घेतात, बोलत नाहीत. मला बोलणारं माणूस पाहिजे. अट एकच आहे. नोकरीत असताना काही लिहिलंत तर बाहेर जायच्या आधी आम्हाला दाखवायचं."

पप्पांनी पोह्याची बशी खाली ठेवली.

"दाखवायचं, की द्यायचं?"

"म्हणजे?"

"आम्ही तीस वर्षं पहिली प्रत साहेबाला देत आलो. ती कळवायला देतो. तुम्ही म्हणताय ते विचारायला. ही विचारायला येणार नाही."

मोजेवाले गृहस्थ पहिल्यांदा वर बघून म्हणाले, "ते कंपनीच्या धोरणात बसवावं लागेल." बाई त्यांना म्हणाल्या, "बघू ना." आणि आईला, "ताई, पोहे छान झाले." गाडी गेली तरी काकू दारातच. "मुलीकडचा बापच हुंडा मागतोय असं पहिल्यांदा बघितलं," त्या म्हणाल्या.

पप्पा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खूश होते. पण मला म्हणाले, "बाई हुशार आहे. हुशार माणूस गोड बोलला की आपला खिसा चाचपावा. तू उद्या पालिकेत जा."

मी गेले. निवड झालीय असा निरोप होता, फक्त काही शंका विचारायच्या होत्या. पालिकेची इमारत माझ्या ओळखीची. बचतगटाच्या बायांना घेऊन मी तिथल्या जिन्यावर किती वेळा बसले होते. समुदाय संघटक नेमणाऱ्या विभागाचे बाबू तोंडात तंबाखू धरून बोलत. त्यांना मी विचारलं, की समजा वस्तीत काही चुकीचं घडलं आणि मला त्याबद्दल लिहायचं असलं, तर चालेल का?

"लिहा की, मॅडम. लोकशाही आहे."

"नोकरीत असून?"

"नाव नका टाकू म्हणजे झालं. आमच्याकडे सगळेच लिहितात. मागच्या वर्षी साहेबांविरुद्ध निनावी आलं होतं, ते कोणी लिहिलं ते मला माहीत आहे, साहेबांना माहीत आहे, लिहिणाऱ्यालाही माहीत आहे की आम्हाला माहीत आहे. कुणाचं काही बिघडलं नाही."

"आणि पहिली प्रत मी कोणाला देऊ?"

बाबू तंबाखू थुंकायला खिडकीकडे जाणार होते, ते थांबले. "कसली?"

"मी ज्याच्याविरुद्ध लिहीन त्याला आधी देते. तुमच्याकडे माझा वरिष्ठ कोण?"

"वरिष्ठ म्हणजे आम्हीच. पण तसे आम्ही नाही. तुम्ही आमच्या नाहीच. भरती एजन्सीकडून आहे. अकरा महिने. नंतर एजन्सी बदलली तर नवीन एजन्सी." त्यांनी पत्ता सांगितला. वर आपुलकीनं म्हणाले, "तिकडे जाऊन हे असलं विचारू नका हां. घाबरतील."

एजन्सी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका सोफ्यांच्या दुकानावर होती. जिना चढताना रेक्झिनचा वास. आत दोन टेबलं, भिंतीला टेकून सुरक्षारक्षकांच्या टोप्यांचा ढीग, एका कोपऱ्यात झाडू आणि मॉप. पालिकेला सफाईची माणसं, रखवालदार आणि आता समाजकार्यकर्ते हेच पुरवत होते. टेबलामागचा माणूस फोनवर कोणाशी तरी सिंधीत बोलत होता. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हम तो सिर्फ आदमी देते हैं, मॅडम. काम उनका, हाजिरी उनकी."

"मेरा मालिक कौन?"

"मालिक की टेन्शन आप क्यों लेती हो? पगार टाइम पे होगा."

"शिकायत हो तो किसको दूँ?"

"पालिका को."

"पालिका ने आपके पास भेजा."

तो हसला. वाईट हसणं नव्हतं, दिवसभरात एखादी गंमत मिळाल्यासारखं होतं. "देखो दीदी, नौकरी सरकारी है, बस सरकार नहीं है उसमें."

खाली उतरून मी फुटपाथवर त्या सोफ्यांपाशी उभी राहिले. मला वाटलं होतं मी दोन बाजूंमधून एक निवडते आहे. सरकार म्हणजे आपलं, कंपनी म्हणजे त्यांचं, अशी माझी वाटणी लहानपणापासून पक्की होती. पप्पांचा कारखानाही त्यांच्या शेवटच्या वर्षांत सरकारी खातं न राहता सरकारी कंपनी झाला होता, पण गेट तेच राहिलं होतं. इथे मला गेटच सापडत नव्हतं. जिथून मला नोकरी मिळणार होती तिथे टोप्यांचा ढीग होता आणि जिथे मी काम करणार होते तिथे मी नव्हतेच.

प्रेस जवळच होता. सिंधी काका आता थकलेत, पण दुपारी दुकानावर असतात. मी आत गेले की ते आधी पप्पांची चौकशी करतात, "साईं कैसे हैं," आणि लगेच दुसरा प्रश्न, "नीचे नाम किसका डालूँ?" त्या दिवशी मी छापायला काही आणलं नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "बेटी, बिना नाम का मैंने भी छापा है, इलेक्शन में. माल बहुत बिकता है. पर वापस कोई नहीं आता, न गाली देने, न शाबाशी."

माझ्या डोक्यात जे शिजायला लागलं होतं ते मलाच पटत नव्हतं, म्हणून मी वस्तीत गेले. मावशी दारात धागे कापत होती. मी सांगितलं की कारखान्याच्या संस्थेत जावं असं वाटतंय. तिची कात्री थांबली नाही.

"त्या नाल्यावरच्या?"

"हो."

"जास्त देतात?"

"थोडे. त्यासाठी नाही."

"मग कशासाठी?"

मी म्हटलं, त्यांचं दार मला माहीत आहे. भांडायचं झालं तर कुठे जाऊन उभं राहायचं ते माहीत आहे. पालिकेच्या नोकरीत मला ते दार सापडलं नाही.

मावशीनं पॅन्ट उलटी करून झटकली. निळे धागे तिच्या मांडीवर, माझ्या ओढणीवर. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "जा. आम्ही बघतोच तुझ्याकडे."

हे आशीर्वादासारखं म्हणाली की पाळत ठेवल्यासारखं, ते तेव्हा मला कळलं नाही. तिच्या सुनेनं मात्र आतून विचारलं, "मग आता चष्म्याचं बोलायचं तर यांच्याकडेच का?" आणि मावशी म्हणाली, "थांब, अजून गेली नाही ती."

चार-सहा दिवसांनी संस्थेच्या बाईंचा फोन आला. परवानगीचं कलम काढलंय. आधी प्रत दिली की पुरे. पण एक राहील: पगार कंपनीचा असेपर्यंत माझ्या हातानं वाटप करता येणार नाही. मी म्हटलं, दुसऱ्यांनी केलं तर? त्या म्हणाल्या, दुसऱ्यांवर माझा काय अधिकार? मी या वाक्यातही चोरवाट शोधली. सापडली नाही, म्हणून आणखी शंका आली.

पप्पांना सांगितलं तेव्हा ते टीव्हीकडे बघत होते. टीव्ही बंद होता. "तुझ्या आजोबाला काय सांगू मी," ते म्हणाले. आजोबा जाऊन वर्षं झालीत. मग म्हणाले, "सरकार असं उरलं नाही हे मला माहीत नाही असं नाही. पण ते तू मला सांगायला नको होतंस." आईनं त्यांना चहा दिला, मलाही दिला, आणि दोघांच्या मधे बसली.

मी रुजू झाले. कारखान्याच्या गेटला लागून संस्थेची एक खोली आहे, आत एक टेबल, चष्म्यांच्या खोक्यांची चळत, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. बाई आठवड्यातून काही दिवस येत, नाहीतर आतल्या इमारतीत वरच्या मजल्यावर बसत. मी वस्तीत जात होते. अभ्यासिकेत मुलं वाढली. मावशीनं चष्मा करून घेतला आणि आता धागे जवळून दिसतात म्हणून कात्री जास्त चालते असं तिनं मला सांगितलं, पण सांगताना ती खोक्याकडे बघत होती. मी गेले की सून स्टूल पुढे करायची. आधी आम्ही सगळ्याजणी जमिनीवर बसायचो. पहिल्यांदा मला वाटलं गुडघ्यांची काळजी घेतायत. मी स्टूल बाजूला सारून खाली बसले तर सून म्हणाली, "राहू द्या ना, कपडे खराब होतील." माझे कपडे तेच होते.

वास गेला नव्हता. मी आत विचारलं. उत्तर आलं, तपासतोय. पुन्हा विचारलं, तपासतोय. आमचाच कारखाना की शेजारचा की त्याच्याही पलीकडचा, ते नक्की कळत नाही, असं मला सांगण्यात आलं आणि ते खरंही असेल. मी लिहायला बसले. पहिली ओळ लिहिली आणि विचार करत राहिले, की हे मी कोणाच्या वतीनं लिहिते आहे, 'आम्ही' म्हणायचं की 'वस्तीतले लोक'? नाकाच्या पत्रकात असा प्रश्न पडला नव्हता.

मी अजून त्या ओळीवरच होते तेव्हा एका सकाळी खोलीच्या दारात मावशी आली. मागे सून आणि वस्तीतल्या सात-आठ बाया. मावशीच्या काखेत सुतळीनं बांधलेला गठ्ठा. ती गाठ मी ओळखते, काकांच्या प्रेसची. मी उठून उभी राहिले.

"मॅडम," मावशी म्हणाली, "पहिली प्रत."

तिनं ती टेबलावर ठेवली, माझ्या हातात दिली नाही. मी तळाला बघितलं. बायांची नावं, एकाखाली एक. मावशीचं सगळ्यांत वर. पत्ता. प्रेस. मग वाचलं. वाक्यं आखूड होती, माझ्यासारखी फुलवलेली नव्हती. मधे एक माझं वाक्य जसंच्या तसं होतं, नाकाच्या पत्रकातलं. खालचं एक मात्र माझं नव्हतं: 'डोळे तपासता तसं नाकपण तपासा.'

"मावशी, हे मला कशाला? वर द्या ना, मोठ्या बाई आहेत आज."

"वर कोण बसतं ते आम्हाला काय माहीत? तुमचं दार माहीत आहे." तिनं चष्मा नाकावर नीट केला. "तुम्हीच म्हणाला होतात."

मला वाटलं ती टोमणा मारतेय. तिच्या तोंडाकडे बघितलं तर तसं नव्हतं. तिला खरोखर पोच हवी होती. तिनं गठ्ठ्यातून दुसरी प्रत काढून टेबलावर सपाट केली आणि कडेला निळं बोट टेकवलं, इथे. सून म्हणाली, "सही चालेल नुसती." मावशी म्हणाली, "नुसती नको. नाव घाला."

मी नाव घातलं. प्रत मिळाली, असं लिहिलं. तिनं ती फुंकर घालून वाळवली, शाईचं पेन नसूनही, आणि ब्लाउजमधे ठेवली. मग सगळ्या गेटच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

मी वर गेले. बाईंनी पत्रक घेतलं आणि आधी तळाला बघितलं. हे त्या माझ्याकडून शिकल्या की आधीपासूनच करत होत्या, अजून मला सांगता येणार नाही.

"तुम्ही लिहून दिलं?"

"नाही."

"नक्की?"

"खाली माझं नाव नाही."

"म्हणूनच विचारते."

मी म्हटलं, लिहिलं असतं तर नाव असतं. त्यांचा विश्वास बसला की नाही ते चेहऱ्यावरून कळेना आणि मला त्याची सवय होती, मी त्यांच्याकडे वर्षभर तसंच बघत आले होते. मग त्या उठल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, चला. आम्ही दोघी गेटपर्यंत गेलो. बाया वाटप करत होत्या, पाळी सुटत होती, कामगार प्रती घेऊन घडी घालत होते. बाईंनी मावशीला सांगितलं की उद्या सकाळी कारखान्याचे मुख्य अधिकारी भेटतील, त्या स्वतः बरोबर असतील.

"उद्या येतो," मावशी म्हणाली. "सगळ्या." आणि माझ्याकडे बघून, "तुम्ही पण असाल ना? तिकडच्या बाजूला?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

घरी आले तेव्हा पप्पा दारातल्या ओट्यावर बसून पालेभाजी निवडत होते. निवृत्तीनंतर ते हे करतात, पण खाली वर्तमानपत्र घेतात, पत्रक नाही. मी शेजारी बसले आणि सांगितलं की वस्तीनं पत्रक काढलं, माझ्याशिवाय.

"पहिली प्रत कोणाला दिली?"

"मला."

त्यांचा हात देठावर थांबला.

"पोच दिलीस?"

"दिली."

"नावानिशी?"

"हो."

त्यांनी देठ मोडला आणि पानं टोपलीत टाकली. मग पुढच्या देठाला हात लावायच्या आधी अर्धी जुडी माझ्यासमोर सरकवली. आम्ही दोघं निवडत बसलो. उद्या त्या बाया आत येतील तेव्हा टेबलाच्या कोणत्या बाजूला त्यांच्या खुर्च्या मांडायच्या आणि कोणत्या बाजूला माझी, हे मला ठरवायचं होतं, कारण खुर्च्या मांडायचं काम माझंच होतं.